शाखा, उपकेंद्र आणि आपण

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या महाविद्यालयाच्या द्वितीय वर्षाच्या हजेरीपटावर यंदा नऊ नावांपुढे 'शाखेतून' असा शेरा आहे. त्या नऊ जणांपैकी मी एक. वर्गातील मैत्रिणी पुष्कळदा विचारतात, "फर्स्ट इयरला तू कुठं होतीस गं? कधी दिसली नाहीस." मी सांगते, "आपल्याच संस्थेच्या तालुक्याच्या शाखेत होते." तेवढ्यावर बोलणे संपते. परंतु शाखा म्हणजे काय, ती कशासाठी असते, तेथून इकडे कोण येते आणि कोण येत नाही, याची माहिती आपल्यापैकी अनेकांना नसते. इकडे येईपर्यंत मलाही या प्रश्नाची दुसरी बाजू दिसली नव्हती. सध्या आमच्या शाखेच्या भवितव्याविषयी चर्चा सुरू आहे. अशा वेळी ही माहिती सर्वांसमोर ठेवावी, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

प्रथम शब्दांचे अर्थ स्पष्ट करू. आपण बोलण्यात सरसकट 'शाखा' म्हणतो, परंतु त्यात निरनिराळे प्रकार आहेत. एक प्रकार शिक्षणसंस्थेच्या शाखेचा. एकच संस्था शहरात मोठे महाविद्यालय चालविते आणि तालुक्याच्या गावी लहान महाविद्यालय काढते. कायद्याच्या दृष्टीने ते लहान महाविद्यालयही विद्यापीठाशी स्वतंत्रपणे संलग्न असते. त्याला प्राचार्य असतात, त्याचा शिक्का वेगळा असतो. परंतु गावातील लोक त्याला शाखाच म्हणतात. रयत शिक्षण संस्थेने, म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे स्थापन केलेल्या संस्थेने, हा शब्द खेडोपाडी पोचविला. त्या संस्थेचे बोधचिन्हच वटवृक्ष आहे. वडाची पारंबी जमिनीला टेकली की तिला स्वतःची मुळे फुटतात, हे खेड्यातील माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

दुसरा प्रकार विद्यापीठाच्या उपकेंद्राचा, म्हणजेच उपपरिसराचा. तेथे विद्यापीठ स्वतःच दूरच्या जिल्ह्यात आपले विभाग उघडते. मुंबई विद्यापीठाची अशी केंद्रे ठाणे, कल्याण व रत्नागिरी येथे आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा उपपरिसर धाराशिवला आहे, तर नांदेडच्या विद्यापीठाचा लातूरला. येथे मुख्यतः पदव्युत्तर व व्यावसायिक अभ्यासक्रम चालतात.

दोन्ही प्रकारांचा हेतू एकच. ज्याला शिक्षणापर्यंत जाता येत नाही, त्याच्यापर्यंत शिक्षणाने जावे.

या दृष्टीने आपल्या सोलापूरचाच इतिहास पाहण्यासारखा आहे. १९४० साली येथे दयानंद महाविद्यालय निघाले, तेव्हा विद्यापीठ होते मुंबईस, सुमारे चारशे किलोमीटरांवर. १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि सोलापूर त्याच्याकडे गेले. १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ निघाल्यावर सोलापूरचा कारभार कोल्हापूरकडे आला. पुणे काय आणि कोल्हापूर काय, येथून अंतर अडीचशे किलोमीटरांच्या आसपासच. पुढे शिवाजी विद्यापीठाने सोलापूरला पदव्युत्तर केंद्र काढले, आणि १ ऑगस्ट २००४ रोजी त्या केंद्राचेच सोलापूर विद्यापीठ झाले. २०१९ पासून त्यास पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव आहे. एकाच जिल्ह्यासाठी असलेले हे विद्यापीठ आहे. म्हणजे आज ज्याला आपण 'मुख्य' म्हणतो, ते काल दुसऱ्या कोणाचे तरी केंद्र होते!

गोव्याची हकीकत अशीच आहे. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. पुढच्याच वर्षी तेथे पहिली महाविद्यालये निघाली व ती मुंबई विद्यापीठाला जोडली गेली. मुंबई विद्यापीठाने पणजीला पदव्युत्तर अध्यापन व संशोधनाचे केंद्र चालविले आणि १९८५ साली गोवा विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा ते केंद्र त्यात सामावले गेले. लहान केंद्र ही कायमची दुय्यम जागा असते, असा समज करून घेण्याचे कारण नाही.

लहान ठिकाणी आरंभ करून मोठ्या ठिकाणी पदवी घेण्याची रीतही आपल्याकडे जुनी आहे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे शिक्षण पाहा. १८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे त्यांचा जन्म झाला. वडील लवकर वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून महिना १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत. गोपाळरावांनी महाविद्यालयीन शिक्षणाचा आरंभ कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात केला. तेथे त्या काळी बी. ए.पर्यंतचे सगळे वर्ग नव्हते. म्हणून त्यांना पुढे जावे लागले आणि १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते पदवीधर झाले. वय अवघे अठरा! आपण हे उदाहरण बुद्धिमत्तेसाठी देतो. मला त्यातले ते ८ रुपये अधिक महत्त्वाचे वाटतात. मुंबईचा खर्च पहिल्या दिवसापासून करावा लागला असता तर ते घर कसे निभावले असते, हा विचार मनात येतो.

आता आमच्या शाखेविषयी. माझे गाव सीना नदीच्या काठी आहे. वडिलांचे सायकल व पंक्चरचे दुकान आहे, आई रोजंदारीने शेतात जाते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. तालुक्याचे गाव १८ किलोमीटरांवर. बारावीनंतर वडील म्हणाले, "तालुक्याला जातीस तर जा. सांजच्याला घरी आलीस म्हंजी झालं." एस. टी.च्या विद्यार्थी पासाला दोन तृतीयांश सवलत असते, त्यामुळे महिन्याचा प्रवास चारशे रुपयांच्या आत होत असे. दुपारचा डबा घरचा. सोलापुरात राहायचे म्हटले तर एका खाटेचे भाडे आणि खाणावळ मिळून महिन्याला चार हजारांच्या वर जातात. या दोन आकड्यांतील फरक हेच शाखेचे पहिले कारण होय.

शाखा भरत असे माध्यमिक शाळेच्या वरच्या मजल्यावर. सकाळी साडेसातला पहिला तास, साडेअकराला शेवटचा. बाराला शाळेची घंटा व्हायची, त्याआधी वर्ग रिकामे करून द्यावयाचे. प्रथम वर्ष कला वर्गात आम्ही ४३ जण होतो, त्यांत २४ मुली. मुलींची संख्या अधिक कशी, याचे काहींना आश्चर्य वाटेल. कारण साधे आहे. मुलग्यांना लांब पाठविता येते. मुलींना संध्याकाळी परत येता येईल एवढ्याच अंतरावर पाठवितात.

ज्यांच्या घरी आधी कोणी महाविद्यालयात गेलेले नाही, त्यांना अभ्यासाआधी दुसरेच काही शिकावे लागते. ए. टी. के. टी. म्हणजे काय? श्रेयांक कशाचे मोजतात? बोनाफाईड कशाला लागते? महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना उत्पन्नाचा दाखला कोणत्या वर्षाचा जोडायचा? शहरातल्या घरी या गोष्टी जेवताना बोलता बोलता कळतात. आमच्या घरी विचारणार कोणाला? शाखेतल्या कारकुनांनी आम्हा प्रत्येकीला समोर बसवून अर्ज भरावयास शिकविले. इतिहासाच्या सरांना माझे गाव ठाऊक होते, गावाला येणारी शेवटची गाडी कितीची हेही ठाऊक होते. दोन दिवस कोणी दिसले नाही की चौथ्या तासाला त्याच गावच्या दुसऱ्या मुलीला विचारणा होत असे. वर्गात प्रश्न विचारण्याची सवय मला तेथे लागली. ४३ जणांत ती लागू शकते.

परंतु एकच बाजू सांगणे योग्य नव्हे. शाखेचे ग्रंथालय म्हणजे दोन कपाटे. वाचनकक्ष नाही. चार प्राध्यापक सोडले तर बाकीचे तासिका तत्त्वावर येणारे. त्यांना तासाप्रमाणे मानधन मिळते, तेही उशिराने, आणि पुढच्या वर्षी तेच शिक्षक असतील याची खात्री नसते. अर्थशास्त्र आम्हाला एका सरांनी फार चांगले शिकविले. फेब्रुवारीत त्यांना दुसरीकडे काम मिळाले आणि उरलेला भाग आम्ही मार्गदर्शक पुस्तकातून केला. शिवाय मुख्य विषय म्हणून पदवीपर्यंत तेथे मराठी आणि इतिहास हे दोनच आहेत. मला अर्थशास्त्र घ्यावयाचे होते, म्हणून इकडे यावे लागले.

येथेच या विषयातला खरा सांधा आहे. कागदोपत्री इकडे येणे आता पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांक बँकेचे नियम केले. बचत खात्यात पैसे जमा व्हावेत तसे विद्यार्थ्याने मिळविलेले श्रेयांक त्याच्या नावावर जमा राहतात आणि महाविद्यालय बदलले तरी ते वाया जाऊ नयेत, अशी ही योजना आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पहिल्या वर्षानंतर थांबणाऱ्यास, ठरलेल्या अटी पूर्ण केल्यास, प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते व पुढे परत येता येते. योजना चांगलीच आहे. परंतु श्रेयांक एका खात्यातून दुसरीकडे जातात तसे माणूस जात नाही.

आमच्या ४३ जणांचे काय झाले ते सांगते. नऊ जण येथे आलो, सात मुलगे व दोन मुली. उरलेल्या ३४ पैकी २१ जण शाखेतच द्वितीय वर्षाला आहेत, त्यांत १५ मुली. पाच मुलींची लग्ने झाली. बाकीचे कामाधंद्याला लागले. जे नऊ जण येथे आलो, त्यांतील तीन मुलगे दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले ते परत आलेच नाहीत. एक टेंपो चालवितो, एक चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत जातो, एक पोलीस भरतीची तयारी करतो. तिघेही पहिल्या वर्षी उत्तीर्ण झालेले होते. त्यांच्यापैकी एकाला मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "तिथं सर नावानं हाक मारायचे. इथं तीन महिन्यांत कुणाला माझा रोल नंबरबी पाठ नव्हता." हे उत्तर पूर्ण आहे असे मी म्हणत नाही, पैशाचीही अडचण होतीच. तरी ते विचार करण्यासारखे आहे.

आणि आम्ही दोघी मुली कशा आलो? दुसरीला शासकीय वसतिगृहात जागा मिळाली. मी आले, कारण सोलापुरात माझी मावशी राहते. ती विड्या वळते, तिचे यजमान यंत्रमागावर कामाला आहेत. दोन खोल्या, माणसे सहा, त्यात मी सातवी. माझ्याहून अधिक गुण मिळविलेल्या चार मुली शाखेत होत्या. त्यांची मावशी सोलापुरात नव्हती. माझे येथे येणे गुणपत्रिकेवर ठरले नाही, मावशीच्या दोन खोल्यांवर ठरले, हे मला लपवावेसे वाटत नाही.

या दृष्टीने पाहिले की शाखेचा अर्थ बदलतो. आम्हा नऊ जणांसाठी शाखा ही मुख्य महाविद्यालयाकडे येण्याची पायरी होती. त्या १५ मुलींसाठी शाखा हेच महाविद्यालय आहे. त्यांच्यापुढे 'शाखा की मुख्य' असा प्रश्न कधीच नव्हता. त्यांचा प्रश्न होता 'शाखा की घर.'

यंदा शाखेत प्रथम वर्षाला ३१ प्रवेश झाले. गेल्या वर्षीपेक्षा १२ कमी. त्यामुळे शाखा बंद करून तेथील विद्यार्थी इकडे वर्ग करावेत, असा एक विचार बोलला जात आहे. त्यामागील अडचणी खऱ्या आहेत. थोड्या विद्यार्थ्यांसाठी शिक्षक, इमारत, परीक्षा हा सारा खर्च करणे कोणत्याही संस्थेला जड जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा रोखही मोठ्या संस्थांकडे आहे. २०४० पर्यंत उच्च शिक्षणाच्या सर्व संस्था बहुविद्याशाखीय व्हाव्यात आणि प्रत्येकीत ३,००० किंवा अधिक विद्यार्थी असावेत, असे उद्दिष्ट त्यात आहे. मोठ्या संस्थेत विषय अधिक, ग्रंथालय मोठे, प्रयोगशाळा चांगली, हे नाकारता येणार नाही; मी स्वतः त्यासाठीच येथे आले. परंतु त्याच धोरणात वंचित भागांपर्यंत उच्च शिक्षण पोचविण्याचेही म्हटले आहे. या दोन गोष्टींचा मेळ आमच्यासारख्या तालुक्यात कसा घालावयाचा, हे मात्र ज्याचे त्याने शोधावयाचे आहे.

हा प्रश्न केवळ आपला नाही, हे दाखविण्यासाठी एक परदेशी उदाहरण देते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाने १९३० नंतरच्या मंदीच्या काळात राज्यात ठिकठिकाणी लहान केंद्रे उघडली. मुलांना घर सोडून मुख्य परिसरात जाण्याची ऐपत उरली नव्हती, म्हणून. पुढे तेथे 'दोन अधिक दोन' अशी पद्धतच रुळली. पहिली दोन वर्षे घराजवळच्या शाखेत, पुढची दोन मुख्य परिसरात, आणि पदवी एकाच विद्यापीठाची. यात विशेष हे की, शाखेत प्रवेश घेतानाच पुढचा मार्ग आखलेला असतो. त्याच विद्यापीठाने मे २०२५ मध्ये आपल्या सात शाखा २०२७ च्या वसंत सत्रानंतर बंद करण्याचा निर्णय घेतला. कारण तेच, घटती विद्यार्थिसंख्या आणि वाढता खर्च. श्रीमंत देशातही लहान जागा टिकविणे सोपे नाही. परंतु निदान पुरेशी आधी सूचना देऊन, असलेल्या विद्यार्थ्यांना शिक्षण पुरे करण्याची वाट दाखवून मग बंद करणे, एवढे तरी त्यातून शिकता येते.

आता शेवटी काही सूचना मांडते. त्या लहान आहेत आणि त्यांतील बहुतेकांना खर्च फारसा नाही.

पहिली सूचना ग्रंथालयाविषयी. आपल्या ग्रंथालयातील पुस्तके पंधरा दिवसांतून एकदा एका पेटीतून शाखेत पाठविता येतील. संस्थेची माणसे दर आठवड्याला कागदपत्रांसाठी ये-जा करतातच. शाखेतून याद्या येतील, पेटी जाईल, पेटी परत येईल. आपल्याकडे एकाच पुस्तकाच्या पाच-सहा प्रती कपाटात असतात, तेथे एकही नसते.

दुसरी सूचना शिक्षकांविषयी. ज्या विषयांचे तास तेथे अर्धवट राहतात, त्यांसाठी आपल्या प्राध्यापकांपैकी कोणी आठवड्यातून एक दिवस शाखेत गेले, तर तेथील विद्यार्थ्यांना मुख्य महाविद्यालयातील एक ओळखीचा चेहरा आधीच मिळेल. इकडे आल्यावर त्याचा केवढा आधार वाटतो, हे आल्याशिवाय कळत नाही.

तिसरी सूचना आपणा विद्यार्थ्यांसाठी आहे. जूनमध्ये शाखेतून येणाऱ्या प्रत्येकाला येथील एक सोबती नेमून द्यावा. ग्रंथालयाचे कार्ड कोठे मिळते, कोणती बस कोठून सुटते, कोणत्या खाणावळीत महिन्याचे पैसे दोन हप्त्यांत देता येतात, एवढे सांगणारा. पहिल्या तीन महिन्यांत त्याने आठवड्यातून एकदा तरी नावाने हाक मारावी. हे काम मी पुढच्या वर्षी करण्यास तयार आहे; तृतीय वर्षाच्या दोन विद्यार्थिनींनीही होकार दिला आहे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची सूचना. शाखेविषयी काही निर्णय घेण्यापूर्वी तेथील प्रत्येक विद्यार्थ्याला आणि त्याच्या पालकांना एकच प्रश्न विचारला जावा : "शाखा बंद झाली तर तुम्ही सोलापूरला याल का?" येणाऱ्यांची नावे लिहून घ्यावीत आणि न येणाऱ्यांचीही. दोन्ही याद्या समोर ठेवून जो निर्णय होईल, तो डोळसपणे झाला असे म्हणता येईल. प्रवेशाच्या आकड्यांत फक्त आलेले मोजले जातात. जे येऊच शकणार नाहीत त्यांची मोजदाद कोठेच होत नाही.

माझी धाकटी बहीण यंदा बारावीत आहे. अभ्यासात ती माझ्यापेक्षा पुढे आहे, आणि तिला भूगोल घ्यावयाचा आहे. वडिलांनी तिला तालुक्यापर्यंत होकार दिलेला आहे. सोलापूरचे नाव अजून घरात निघालेले नाही. मावशीच्या दोन खोल्यांत आठवे माणूस मावत नाही. जूनमध्ये शाखेचे प्रथम वर्ष उघडले, तर ती सात वाजताच्या गाडीने तेथे जाईल आणि पुढचे पुढे पाहता येईल. या अंकाचे वाचन प्राध्यापक करतील, संस्थेचे पदाधिकारीही करतील. त्या दोन याद्या तयार होण्यापूर्वी निर्णय होऊ नये, एवढीच त्यांना नम्र विनंती आहे.